कोपरा भरलेला नाही

निर्मला, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तू गेलीस म्हणून मी तुझं म्हणणं मान्य केलं, असं समजू नकोस. माणूस गेलं की त्याचं सगळंच बरोबर होतं, असं धरून चालायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्या फोटोला हार घातल्यापासून पाहते आहे, जो येतो तो तुझ्याशी सहमत. ज्यांचं तोंड पाहिलं तरी तुझ्या कपाळाला आठ्या पडायच्या, तेसुद्धा मान हलवून सांगतात, "मॅडम म्हणायच्या ते खरंच होतं." मी त्या रांगेत उभी राहणार नाही. आपलं भांडण जिथे थांबलं तिथेच आहे. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं, एवढाच फरक पडला. थकायला होतं, बाई.

नागपूरच्या वेशीवर वाडीच्या कॉलेजात तू अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचीस, मी गणित. दोघी राहायचो शहरात, महाल भागात. तू एकटी तुझ्या दोन खोल्यांत, मी माझ्या भरल्या घरात. सकाळी माझी स्कूटी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची आणि तू मागे बसता बसताच बोलायला सुरुवात करायचीस. अमरावती रोडला लागलं की ट्रकांची रांग, गोदामांपुढे उलटे लागलेले ट्रेलर, धूळ, हॉर्न, आणि त्या सगळ्याच्या वर तुझा आवाज. मी समोर पाहत उत्तर द्यायचे, ते वाऱ्यावर जायचं. म्हणून तू स्टाफरूममध्ये सांगायचीस की शोभाकडे उत्तरच नसतं. होतं. तुला ऐकू येत नव्हतं.

आपल्या भांडणाचा विषय कुणाला सांगितला तर लोक हसतात. दोन पोक्त बायका, आणि भांडायच्या कशावरून, तर मिठाच्या पाण्यावरून. पाण्यात मीठ टाकत गेलं, ढवळत गेलं, की एका ठिकाणी पाणी नको म्हणतं. त्यापुढचं मीठ तळाशी बसून राहतं. अशा पाण्याला तुम्ही लोक संपृक्त द्रावण म्हणता. मी म्हणायचे, चला, पोट भरलं, विषय संपला. तुझा मात्र तिथून सुरू व्हायचा.

"संपला कुठी? तळातलं मीठ विरघळूनच राहिलं न. जेवढं विरघळते तेवढंच पाण्यातून परत येऊन खड्यावर बसते. तुले दिसत नाही म्हणून का होत नाही?"

"पाच गेले, पाच आले. पाचातून पाच वजा कर. किती?"

"शून्य."

"मंग तिथी काय होऊन राहिलं? शून्य."

"शून्य आलं म्हणून पाच गेलेच नव्हते का वं? कशी गणिताची बाई आहेस तू!"

हे संभाषण आपण इतकी वर्षं केलं, आणि त्यातला एक शब्द बदलला नाही. नाक्याचा सिग्नल लागला की तुझी बाजू, सुटला की माझी. एकदा मागच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं होतं, "ताई, भांडण मिटलं असंन तं गाडी काढता का?" मिटलं नव्हतं. मी आजही म्हणते, ज्याचं उत्तर शून्य येतं ते घडलं असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं दाखवून द्यावं.

तुला मिठाचं हे वेड कुठून लागलं, ते तू मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतंस. उमरेडला तुमच्या घरी हातमाग होता आणि तुझी आई सूत घरीच रंगवायची. रंगाच्या भांड्यात शेवटी ओंजळभर मीठ पडायचं, आणि मग पाण्यातला रंग सुतात उतरायला लागायचा. तू लहान होतीस. काहून, काहून करून आईचा जीव खाल्लास. हातात काम असलेली आई वैतागून म्हणाली, "मले नको विचारू, मिठाले विचार." बाकीच्या पोरी देवाला विचारायच्या, तू मिठाला विचारत राहिलीस. देवापेक्षा ते लवकर उत्तर देतं, असं तुझं म्हणणं.

आणि मिठानं दिलेलं उत्तर कुणी बदललेलं तुला चालायचं नाही. तुझा तो राग सगळ्या कॉलेजानं पाहिला आहे. शंभर ग्रॅम पाण्यात कोणत्या तापमानाला किती मीठ विरघळतं, हा तुझा आवडता प्रयोग. दिसायला सोपा, करायला किचकट. तळाशी मीठ उरेपर्यंत टाकायचं, ढवळत बसायचं, वरचं नितळ पाणी बशीत घेऊन आटवायचं आणि मागे उरलेलं मीठ तोलायचं. घाई केली की मीठ तडतडतं आणि बशीबाहेर उडतं. आपली मुलं ड्रायव्हरांची, हमालांची, निम्मी स्वतःच गोदामात पार्सलं चढवून वर्गात येणारी. त्यांनी एका वर्षी प्रयोगाला फाटा दिला आणि घरी बसून आकडे लिहिले. गरम पाण्यात जास्त विरघळतं एवढं त्यांना माहीत होतं. म्हणून सगळ्यांच्या आलेखात मिठाची रेघ टेकडीसारखी वर चढलेली.

तू वर्गात तो गठ्ठा टेबलावर टाकलास. मी शेजारच्या वर्गात होते, मला भिंतीतून ऐकू आलं.

"सेमिनरी हिल्स चढून राहिले का रे सगळे? मिठाची रेघ आडवी असते! थंड पाण्यात छत्तीस ग्रॅम, अन् उकळीजवळ नेलं तरी चाळीसच्या आत. मिठाले गरम पाण्याची काही पडली नाही. तुम्हाले कोणी सांगितलं थे वर चढते म्हणून?"

"पुस्तकात आहे मॅडम," कुणीतरी म्हणालं, "गरम केलं की जास्त विरघळते."

"थे बाकीच्यांचं. शोऱ्याचं होते तसं. मीठ कोणी मोजलं? पुस्तकानं का तू?"

मोजलं कुणीच नव्हतं. तू सगळ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेत बोलावलंस. पालक चिडले, प्राचार्यांनी तुला बोलावून घेतलं, मीसुद्धा म्हटलं की अति करून राहिली तू. तू कुणाचं ऐकायची होतीस थोडीच. मे महिन्यात पत्र्याखालच्या त्या प्रयोगशाळेत नळाचं पाणीच इतकं तापलेलं होतं की पहिल्या तापमानाला बर्नर लावावा लागला नाही. मी तिथे होते, कारण स्कूटी माझी होती. मुलं घामानं निथळत ढवळत होती, आटवत होती, तोलत होती. दुपारी एक मुलगी आलेखाचा कागद घेऊन तुझ्यापुढे आली, अगदी रडवेली. "मॅडम, आमचं पुन्हा चुकलं. लाईन वर जाऊनच नाही राहिली."

तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि इतकी हसलीस की तुला खुर्ची द्यावी लागली. मग सगळ्यांना टपरीवरून तर्री-पोहे मागवलेस. मी तुला तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते. मला तुझा हेवा वाटला. इतकी वर्षं मी चुकीच्या उत्तरावर लाल रेघ मारत आले. तू त्या पोरीच्या हातात खरं उत्तर ठेवलंस, आणि ते इतकं साधं होतं की तिला ते चूकच वाटलं.

त्याच उन्हाळ्यात तू मिठाचा खडा वाढवलास. संपृक्त पाण्यात नायलॉनच्या दोऱ्याला बारीक कण बांधून सोडलास आणि नागपूरच्या कोरड्या हवेला सांगितलंस, घे पाणी. रोज थोडं पाणी उडायचं, रोज थोडं मीठ त्या कणावर बसायचं. पावसाळ्याच्या तोंडाशी सुपारीएवढा चौकोनी खडा झाला, पट्टीनं आखल्यासारख्या कडा, आठही कोपरे टोकदार. तो माझ्या तळहातावर ठेवून तू म्हणालीस, "दाखवून दे म्हणतेस न? घे. हा पॉलिश पेपर. एक कोपरा तू घास. मंग नको म्हणू की निर्मलानं मुद्दाम कमी घासला."

मी घासला. सुताराच्या त्या खरखरीत कागदावर चांगला तिरका होईपर्यंत घासला. इतक्या देखण्या वस्तूचं नाक कापताना हात अडला, पण तुझ्यापुढे तसं दाखवायची सोय नव्हती. मग तू तुझं म्हणणं मांडलंस. खडा संपृक्त पाण्यात टांगायचा आणि बरणीचं झाकण मेणानं बंद करायचं, म्हणजे पाणी उडणार नाही. खड्याचं वजन वाढणार नाही, घटणार नाही. पण काही वर्षांनी हा कोपरा भरलेला असेल. दुसरीकडून मीठ सुटेल, इथे येऊन बसेल. आणि माझं म्हणणं असं, की काहीही होणार नाही. कोपरा मी घासला तसाच राहील.

"पण मीठच काहून?" मी विचारलं होतं. "तुरटीचा खडा किती सुंदर होते."

"तुरटी उन्हाळ्यात विरघळंन अन् हिवाळ्यात पुन्हा जमंन. मंग तू म्हणशील ऊन-थंडीनं केलं. मिठाले नागपूरचा मे महिना काही करू शकत नाही."

मुलांना चुकीची वाटलेली ती आडवी रेघ, तुझा सगळा भरवसा तिच्यावर होता. खडा टिपून तोललास, वजनाची चिठ्ठी बरणीला लावलीस. आणि पैज ठरली. जी हरेल तिनं वर्गासमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं. आपल्या दोघींना याहून मोठी शिक्षा सुचली नाही.

बरणी तुझ्या कपाटात गेली, आणि काही वर्षांनी तू आजारी पडलीस. मूत्रपिंडं. डॉक्टरांनी सगळ्यात आधी काय बंद करावं, तर मीठ. तू देव मानत नव्हतीस, त्यामुळे तक्रार करायला तुझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. ती सगळी मी ऐकली. मी बिनमिठाचं वरण करून आणायचे, वर लिंबू, मूठभर हिरव्या सांबाराची पानं चिरून. तू एक घास घ्यायचीस आणि चमचा खाली ठेवायचीस.

"हे वरण आहे का कैद?"

"वरण आहे. खा."

"तुले गणितात शून्य आवडते न, थेच वाढून राहिली तू."

हसायचो. तेव्हा अजून हसता येत होतं.

पण दवाखान्यातली ती संध्याकाळ मी टाळून पुढे जाणार नाही. तुझा हात उशीवर होता, सुयांनी निळा पडलेला. माझ्या डब्यात दोघींचं जेवण होतं, माझ्या भाजीत मीठ होतं, आणि त्याचा वास तुला आला.

"एक चिमूट दे वं शोभे. कोणी मोजून नाही राहिलं."

"मी मोजून राहिली."

"एक चिमूट."

"नाही."

तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी थोडा वेळ बसले, डबा बंद केला, सकाळी येते म्हणाले. सकाळी तू शुद्धीवर नव्हतीस, आणि मग आलीच नाहीस.

त्यावर मला सगळे काय काय सांगून गेले. द्यायचं होतं हो, शेवटचं होतं. एका चिमटीनं काय झालं असतं. मला माहीत नव्हतं शेवटचं आहे. मी तुला घरी न्यायचं म्हणून येत होते, निरोप द्यायला येत नव्हते. आणि निर्मला, तू आज समोर बसून मागितलंस तरी मी देणार नाही. तू जगावीस म्हणून नाही म्हटलं, त्याची माफी मी कुणाला मागू? तू रागावून गेलीस, तर राग घेऊन जा. फक्त त्या भिंतीकडून एकदा तोंड इकडे केलं असतंस तर बरं झालं असतं. माझ्याशी भांडायला तरी.

दहाव्याला रामटेकला गेलो. तुला यातलं काहीच नको होतं, हे तू सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतंस. पण तुझ्या आईला हवं होतं, आणि काकूंपुढे तुझंही कधी चाललं नाही. अंबाळा तलावाच्या काठावर विनायकभाऊंनी, तुझ्या भावानं, सगळं व्यवस्थित केलं. पिंड ठेवला, आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळे होते. झाडावर बसून खाली पाहत होते. पिंडाला एकही शिवेना.

मग एकेक जण पुढे होऊन तुला कबूल करायला लागला, कारण इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. "ताई, आईले मी सांभाळीन." कावळा हलला नाही. "ताई, तुझी पुस्तकं कॉलेजले देऊ." नाही. शेवटी विनायकभाऊ माझ्याकडे वळले. "शोभाताई, तुम्ही सांगा न. तिचं काय राहिलं असंन?"

काय राहिलं ते मला पक्कं माहीत होतं. मी गप्प राहिले. जे जिवंतपणी दिलं नाही ते कावळ्यापुढे कबूल करायचं मला पटेना.

तेवढ्यात पायऱ्यांवरून एक वानर उतरलं. शांतपणे चालत आलं, पिंड उचलला आणि बाजूला बसून खाऊ लागलं, आपलंच ताट असल्यासारखं. ऊन चढत होतं, माणसं उपाशी होती. विनायकभाऊ एकदम मोठ्यानं म्हणाले, "शिवला! कावळा शिवला, मी पाह्यला." गुरुजींनी मान हलवली. सगळ्यांनी हात जोडले.

"नाही शिवला, विनायकभाऊ," मी म्हणाले. "वानरानं नेला."

"जाऊ द्या न ताई. एकच गोष्ट आहे."

"एकच गोष्ट कशी? कावळा न शिवता शिवला म्हणायचं? अन् थेही निर्मलाच्या दहाव्याले?"

लोक माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी चप्पल घालून देवळात शिरले आहे. मला त्याची पर्वा नव्हती. जिनं मुलांना भर मेमध्ये बोलावून खरे आकडे काढायला लावले, तिच्याच दहाव्याला हे लोक घरबसल्या आकडा टाकत होते. गुरुजी समजूतदार निघाले. त्यांनी उरलेल्या भाताचा लहान पिंड वळला, दर्भाचा कावळा करून त्याला लावला. ते मला चाललं. तो दर्भाचा आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

तिथून उमरेडला. विनायकभाऊंनी वाटेतच फोनवर सांगून टाकलं होतं, हाव आई, लगेच शिवला. काकू हातमाग असायचा त्या खोलीत बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं.

"शोभा, तू होतीस न तिथी? शिवला का वं कावळा?"

विनायकभाऊ दारातून माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. त्या म्हाताऱ्या हातांकडे पाहून खोटं बोलणं किती सोपं होतं.

"नाही काकू. वानरानं नेला पिंड."

"नेला? अख्खा?"

"अख्खा. पायरीवर बसून खाल्ला."

काकूंनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं, या बाईचा उरलेला जीव मी घेतला. मग पाहते तर त्या हसत होत्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावत होत्या. "माझ्या पोरीले सैपाक कधी आला नाही. जिवंतपणी कोणाले धड जेवू नाही घातलं तिनं. आता तरी एका जिवाचं पोट भरलं." मग दाराकडे वळून म्हणाल्या, "अन् तू काहून खोटं बोलला गा? मले काय होणार होतं?"

तू म्हणायचीस की मिठाचं तुला आईनं शिकवलं. मला वाटतं, मिठाच्या आधी दुसरंही बरंच शिकवलं असणार.

काल कॉलेजात तुझी शोकसभा झाली. तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती, हार, अगरबत्ती. तू शांत होतीस, मनमिळाऊ होतीस, कुणाला कधी दुखावलं नाहीस, असं माईकवरून सांगण्यात आलं. ज्यांना तू दुखावलं होतंस तेच सांगत होते. एकानं मीठ आणि आसवं असं काहीतरी जुळवून म्हटलं; तू त्याला किती टक्के ते विचारलं असतंस. मी तसलं काही म्हणणार नव्हते. मला दुसरंच काम दिलेलं होतं.

सभेच्या आधी प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. पैज सगळ्या कॉलेजाला माहीत होती. त्यांनी बरणी तुझ्या कपाटातून काढून फोटोशेजारी ठेवली होती, खाली जरीचं कापड.

"मॅडम, सगळ्यांसमोर उघडा. अन् सांगून द्या, कोपरा भरला, निर्मला मॅडम जिंकल्या. पोरांले किती छान वाटंन."

"अन् भरला नसंन तं?"

"मागून कोणाले दिसते? श्रद्धांजली आहे मॅडम, परीक्षा थोडी आहे."

माणूस वाईट नाही. त्यालाही तू जिंकायला हवी होतीस. आणि खरं सांगू? मलाही. झाकणाचं मेण खरवडताना आयुष्यात पहिल्यांदा मी देव आठवला, तोही मला हरू दे म्हणायला. भरलेला कोपरा दाखव आणि माझं तोंड बंद कर, एवढंच त्याच्याकडे मागत होते.

खडा वर काढला. टिपकागदानं टिपला. तुझ्या काट्यावर तोलला. वजन तुझ्या चिठ्ठीवरचंच.

मग खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरला, आणि पुष्कळ वेळ पाहिला. हॉलमध्ये खुर्च्या करकरायला लागल्या. प्राचार्य पुटपुटले, "सांगा न मॅडम." पुढच्या रांगेतली मुलं माना उंच करून पाहत होती. नुसतं 'भरला' म्हणायचं होतं. टाळ्या पडल्या असत्या, तुझं नाव झालं असतं, मी मोठ्या मनाची ठरले असते.

"कोपरा भरलेला नाही," मी माईकवर म्हणाले.

दुधात मिठाचा खडा पडावा तसा प्राचार्यांचा चेहरा.

"भरलेला नाही. पण मी घासला होता तसाही राहिलेला नाही. जिथे सपाट तिरका होता, तिथे बारीक बारीक पायऱ्या आल्या आहेत. सरळ कडांच्या, काटकोनाच्या. कागदानं घासून अशा पायऱ्या होत नाहीत. वजन तेच आहे, म्हणजे मीठ बाहेरून आलेलं नाही. याच खड्यावरून सुटलं आणि इथे येऊन बसलं. मी म्हणाले होते काहीही होणार नाही. झालं आहे." मी भिंग खाली ठेवलं. "माझं चुकलं."

टाळ्या सुरू होणार होत्या. मी हात वर करून थांबवल्या.

"निर्मला मॅडम म्हणाल्या होत्या, कोपरा भरेल. भरला नाही. त्यांचंही चुकलं."

आणि मी तुझ्या फोटोकडे वळले. तो फोटो तुला आवडत नव्हता, मला माहीत आहे, केस चापून बसवलेले. सगळ्या कॉलेजादेखत मी तुला म्हटलं, "मी म्हटलं न माझं. आता तू म्हण वं."

मागे कुणीतरी हुंदका दिला. मी वाट पाहिली. खरंच पाहिली, निर्मला. तुझ्यासारखी भांडखोर बाई इतका मोठा आरोप ऐकून गप्प बसते, यावर माझा तोवर विश्वास नव्हता. दहाव्याला बसला नव्हता, दवाखान्यात बसला नव्हता. काल तिथे उभी असताना बसला.

सभा संपल्यावर एका मुलीनं विचारलं, आता हे पाणी सिंकमध्ये ओतायचं का. मी म्हटलं, हात नको लावू. खडा परत दोऱ्याला टांगला, बरणीत सोडला. तुझ्या फोटोपुढची मेणबत्ती उचलली आणि झाकणाच्या कडेनं मेण ओतत गेले. प्राचार्य काहीतरी म्हणत होते, मी ऐकलं नाही. बरणी तुझ्या कपाटात ठेवली, किल्ली माझ्या पर्समध्ये.

मी माझं म्हणून टाकलं, निर्मला. तुझं अजून बाकी आहे.